लाल, तुरट आणि शिरूर अनंतपाळ

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं वाइनवरच्या पुस्तकांत छापलेलं असतं. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी कुणी मे महिन्यात शिरूर अनंतपाळला खोली करून राहिल्याचं दिसत नाही. त्यांच्या मनातली खोली युरोपातली, जाड दगडी भिंतींची, सोळा-अठरा अंशांची. शिरूर अनंतपाळच्या पत्र्याखालच्या खोलीत वैशाखातल्या दुपारी माणूसच उकडून निघतो, तिथं वाइनचं काय घेऊन बसलात! इथं रेड वाइन अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढावी लागते, आणि तेही लाइट असेल तर.

लातूर जिल्ह्यातला हा लहानसा तालुका. खरिपात सोयाबीन आणि तूर, घरणीचं पाणी पोचतं तिथं ऊस, आणि राजकारण बारमाही. तालुक्यातल्या उजेड नावाच्या गावात दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास चक्क महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. पाळणे येतात, दुकानं लागतात, कुस्त्यांचा फड रंगतो, सगळं गांधीबाबांच्या साक्षीनं. दारूबंदीचा आयुष्यभर आग्रह धरलेल्या माणसाची यात्रा भरवणाऱ्या तालुक्यात बांधेसूद रेड वाइनवर लिहायला बसणं म्हणजे जरा धाडसच.

वाइन इथं अगदीच अनोळखी आहे असं मात्र नाही. निदान पाटीवर तरी ती असते. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ‘वाइन शॉप’ अशी ठळक पाटी दिसते आणि आत व्हिस्की, रम, बियर असा सगळा परिवार गुण्यागोविंदानं नांदत असतो. खुद्द वाइनच्या दोन-तीन बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, धूळ खात उभ्या असतात. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या असतात, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. पण आडवी ठेवली की एका बाटलीत तीन क्वार्टरची जागा जाते, आणि खपत तर क्वार्टर असते. गिऱ्हाइकानं रेड वाइन मागितलीच, तर दुकानदार ती काढण्याआधी त्याच्याकडे नीट बघून घेतो. एक तर हा डॉक्टर असणार, नाही तर पुण्याहून आलेला.

कायद्याला मात्र वाइनचं कौतुक आहे. महाराष्ट्रात एकविसाव्या वर्षी बियर आणि वाइन पिता येते, व्हिस्की-रमसाठी पंचवीस पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे मधली चार वर्षं तरुणानं रेड वाइनचा अभ्यास करावा आणि मग मोठ्या इयत्तेत जावं, अशी शासनाची अपेक्षा. शिरूर अनंतपाळचा तरुण ही चार वर्षं बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात घालवतो.

या जिल्ह्याचं आणि वाइनचं एक जुनं नातं आहे, त्याची आठवण कुणी काढत नाही. महाराष्ट्राचं वाइन धोरण, सरकारी भाषेत द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण, आलं २००१ साली. तेव्हा मुख्यमंत्री होते लातूरच्या बाभळगावचे विलासराव देशमुख. वाइनरीला उत्पादन शुल्कात सवलत, परवान्याच्या कटकटी कमी, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क. लातूरकर मुख्यमंत्र्यानं लावलेला वेल असा नाशिककरांच्या मांडवावर चढला. मराठवाड्याच्या वाट्याला पुढं २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढायचं धोरण आलं, त्यातली ज्वारी आपली. नाशिकच्या द्राक्षाची वाइन आणि आमच्या ज्वारीचा मद्यार्क. प्रादेशिक असमतोलावर नेमलेल्या समित्यांनी हा मुद्दा कसा सोडला, देव जाणे.

अर्थात नाशिककरांनाही सगळं आयतं मिळालं नाही. त्यांच्या आधी, १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन करून ती परदेशात पाठवली होती. मग अमेरिकेतली नोकरी सोडून आलेले राजीव सामंत गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर रमले आणि आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून १९९९ ला ‘सुला’ उभी राहिली. पाठोपाठ जो तो वाइनरी काढायला निघाला. २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली, टाक्या भरून राहिल्या, कारखान्यांनी द्राक्षं उचलली नाहीत आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. ती द्राक्षं बाजारात नेऊन विकायचीही सोय नव्हती. असं का, ते पुढं येईलच.

पण ज्या बाटलीमुळे हा सगळा विषय निघाला, ती नाशिकची नाही. ती अकलूजची. सोलापूर जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं अकलूज. साखर कारखाना, घोडेबाजार, लावणी स्पर्धा आणि मोहिते-पाटील यांच्यासाठी ठाऊक असलेलं. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इथंच होतं. त्याच पंचक्रोशीच्या माळावर २००७ च्या सुमारास मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून द्राक्षं लावली. तीन घरांचे भाऊ एकत्र आले म्हणून कंपनीचं नाव ‘फ्रातेल्ली’, इटालियनमध्ये भाऊ. भावा-भावांनी मिळून जमिनीवर काही केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं नाही, एवढ्यावरूनच कुणीही ओळखावं की यात परदेशी भागीदार असणार. रोपं फ्रान्सहून आली आणि वाइन करायला टस्कनीतून पिएरो मासी आले. त्यांची सगळ्यात नावाजलेली रेड म्हणजे ‘सेत्ते’. सेत्ते म्हणजे सात: सहा भाऊ आणि सातवे मासी. तिच्यात सांजिओवेझे हे टस्कनीचं द्राक्ष आणि काबर्ने सोव्हिन्यों हे बोर्दोचं. फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवून बाटलीत भरलेली. जाणकार तिला बांधेसूद म्हणतात, म्हणजे तोंडात घेतल्यावर जिला कणा आहे, आंबटपणा आहे आणि मुख्य म्हणजे तुरटपणा आहे.

हा तुरटपणा येतो सालीतून आणि बीमधून. इथं आपल्याकडच्या द्राक्षवाल्याची पंचाईत होते. गेली साठ-सत्तर वर्षं त्यानं जिवाचं रान केलंय ते नेमकं साल आणि बी घालवण्यासाठी. थॉमसन बिनबियांचं. तासगावजवळच्या बोरगावात वसंतराव आर्व्यांना सापडलेलं तास-ए-गणेश बिनबियांचं. सोलापूरच्या नान्नजचं सोनाकाही तसंच. मणी लांब व्हावा म्हणून घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायचा, विरळणी करायची, मण्याला मणी घासू द्यायचा नाही. अशा माणसापुढे काबर्नेचा घड धरला तर तो तोंड फिरवतो. बोराएवढाही नाही असा बारका काळा मणी, जाड साल, आत गराच्या बरोबरीनं बिया. व्यापारी याला हात लावणार नाही, मार्केटमध्ये पेटी तशीच परत येईल. २००८ नंतरच्या शेतकऱ्याची कोंडी झाली ती इथंच: वाइनरीनं नाकारलेला माल खायला कुणी घेत नाही.

वाइनवाल्यांची दुसरी अट ऐकली की लातूरकराला भडभडून येतं. वेलीला पाणी बेतानं द्यायचं म्हणे. थोडी तहान लागली पाहिजे. पाण्याचा ताण बसला की मणी लहान राहतो, रसाच्या मानानं सालीचं प्रमाण वाढतं, रंग आणि तुरटपणा भरतो. आता पाण्याच्या ताणाच्या बाबतीत लातूर जिल्हा पूर्वीपासून स्वयंपूर्ण आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ नावाची पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. एवढा ताण सोसल्यावर खरं म्हणजे इथल्या काटेरी बाभळीतूनसुद्धा उत्तम रेड निघायला हवी.

अडचण ताणाची नाही, जमिनीची आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते, वेलीच्या मुळांना तो चिकट मुक्काम मानवत नाही. त्याला तोड म्हणून डॉगरीज नावाचा अमेरिकन जंगली वेल आधी लावायचा आणि त्यावर हवं ते कलम बांधायचं. क्षार आणि दुष्काळ दोन्ही सोसणारा हा खुंट महाराष्ट्रभर पसरलाय. मग छाटणीचा प्रश्न. फ्रान्समधला वेल थंडीत झोपतो, वसंतात उठतो, वर्षातून एकदा छाटला की झालं. आपल्या वेलीला झोप नाही. तिला एप्रिलमध्ये खरड छाटणी देऊन काड्या वाढवायच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी देऊन घड काढायचे. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे बोर्दोचा माळी बर्फात कात्री घेऊन फिरतो तेव्हा अकलूजमध्ये टोपल्या भरत असतात. मराठवाड्यातला वेल जुन्या काळीही असाच उतावळा होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेत आला, तेव्हा इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं नवलानं नोंदवून ठेवलंय.

असो. एक ‘सेत्ते’ शेवटी शिरूर अनंतपाळला पोचली. हिंजवडीत नोकरीला असलेल्या एका पुतण्यानं ती बॅगेत, दोन टी-शर्टांच्या मध्ये गुंडाळून आणली. त्याचे चुलते, अण्णा, लातूरच्या मार्केट यार्डात अडत दुकान चालवून आता गावी राहायला आलेले. पुतण्या नाशिकला टेस्टिंगचा कार्यक्रम करून आलेला, त्यामुळे त्याच्याकडे शब्द भरपूर होते. बूच काढायचा स्क्रू तेवढा नव्हता. शेतातल्या कोठ्यावर मोटारीच्या पेटीतला एक लाकडी स्क्रू आणि पक्कड मिळाली. बूच निघालं, अर्धं बाहेर आणि अर्धं आत.

स्टीलच्या पेल्यांत वाइन ओतली गेली. पुतण्यानं पेला गोल गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले, पुन्हा नाक घातलं.

“वास घेऊन घेऊन काय बघलालास रे? नासलंय का?” अण्णांनी विचारलं.

“नाही अण्णा, तसं नाही. चेरी येतेय. थोडं चामडं, थोडा तंबाखू.”

“चेरी केकावरची. आन् चामडं-तंबाखूसाठी येवढे पैसे दिलास?”

मग अण्णांनी चष्मा चढवून लेबल वाचायला घेतलं. अल्कोहोलच्या टक्केवारीवर त्यांचं बोट थांबलं. तेरा-चौदाच्या घरातला आकडा होता. “ओलावा जास्त हाय,” ते म्हणाले. “बाराच्या वर सोयाबीन कुणी घेत नाही. भाव पडंल.” पुतण्यानं तो ओलावा नव्हे, हे समजावून सांगितलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

मग त्यांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. घाई केली नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं तुरीचा दाणा दाताखाली फोडून वाळलाय का नाही ते सांगितलं, त्याला घाई करायची सवय नसते.

“सुपारीवानी हाय,” अण्णा म्हणाले. “हिरड्याला धरलालंय. पण कच्चा रोठा नाही हा. चिकनीत जमा. कच्चा असता तर जीभ खरखरली असती. आन् गिळल्यावर पण राहतंय की तोंडात.”

पुतण्याला टेस्टिंगच्या कार्यक्रमात हेच पाऊण तास शिकवलं होतं. तुरटपणा आहे, तो पिकलेला आहे, मऊ आहे आणि शेवट लांबतो. वाइनचा परीक्षक जे आठ ओळींत लिहितो ते अण्णांनी अडकित्ता हातात धरून सांगितलं, आणि त्यांच्या लेखी ते परीक्षणही नव्हतं.

यात नवल नाही. तुरटपणा ही चव म्हणण्यापेक्षा स्पर्श आहे. सालीतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळ्याला घासल्यासारखी वाटते. हेच काम सुपारी करते, कात करतो, जांभूळ करतं, कडक कोरा चहा करतो. चहात दूध घातलं की टॅनिनांना धरायला दुधातली प्रथिनं मिळतात आणि आपली लाळ सुटते. पान-सुपारी खाणाऱ्या मुलखात टॅनिनची तोंडओळख करून द्यायला नाशिकहून माणूस बोलवावा लागत नाही. मराठवाड्याचं तोंड या बाबतीत तयार आहे. वाइनवाल्यांनीच कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी पुढं मटण आलं आणि ज्ञानात आणखी भर पडली. पहिला रस्सा काळ्या मसाल्याचा, झणका असा की वाइनच्या घोटानं आग दुप्पट झाली. अल्कोहोल तिखटाला खतपाणी घालतं आणि टॅनिनं आधीच चिडलेल्या जिभेला घासतात. पुतण्यानं डोळे पुसले. मग अण्णांनी चरबीचा एक तुकडा भाकरीबरोबर दिला आणि त्यावर घोट घ्यायला सांगितलं. वाइन एकदम सरळ आली. मांसाची प्रथिनं आणि चरबी तुरटपणाला आवर घालतात, हे टस्कनीतला खाटीकही सांगेल. येसर आमटीबरोबर मात्र कुणी ‘सेत्ते’ काढू नये, दोघींचाही अपमान होतो.

काकू हे सगळं लांबून बघत होत्या. त्यांच्या गळ्यात माळ, दरवर्षी वारी, घरात दारूचा थेंब नाही असा त्यांचा दावा. आणि तो त्यांच्यापुरता खरा होता, कारण त्यांच्या फडताळात जी तपकिरी बाटली असते ती औषधाची. द्राक्षारिष्ट. दोन्ही वेळच्या जेवणानंतर दोन-दोन झाकणं, समभाग पाण्याबरोबर. मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठी लागत नाही. लेबलावर बारीक अक्षरात आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. ते पाचपासून दहा टक्क्यांपर्यंत असू शकतं. यातला वरचा आकडा बियरलाही मागं टाकतो.

आणि हा पदार्थ नीट पाहिला तर शिरूर अनंतपाळची बांधेसूद रेड हीच आहे. मनुकांचा काढा आटवून पाव करायचा, गूळ घालायचा, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी घालायची आणि आंबवणीसाठी धायटीची लाल फुलं. या फुलांच्या अंगाला यीस्ट असतं आणि त्यांच्यात टॅनिन भरपूर. मडक्याला आतून तूप लावायचं, तोंड बंद करायचं आणि महिनाभर धान्याच्या राशीत पुरून ठेवायचं. फ्रेंचांनी जमिनीखाली तळघरं खणली ती तापमान सारखं राहावं म्हणून. आपल्या वैद्यांनी तेच काम धान्याच्या राशीकडून करून घेतलं, आणि राशींची तर लातूरला कधी वाण पडली नाही. चरकानं चौऱ्यांशी आसवं मोजून ठेवली आहेत, त्यात द्राक्षाचंही आहे. कौटिल्य तर पुढचा: द्राक्षरसाच्या मद्याला तो मधु म्हणतो आणि ते ज्या देशातून येतं त्या देशावरून त्याला कापिशायन, हारहूरक अशी नावं आहेत, असं सांगतो. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा मुलूख. बाटलीवर प्रदेशाचं नाव टाकायची फ्रेंचांची ऐट आपल्याकडे अर्थशास्त्रात जमा आहे.

इटालियन मालाचंही तसंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी पोथीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाइन आहे, आणि इटालियन असली तर उत्तम, असा शेरा आहे. त्याच पोथीत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या गावाहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जातं, असंही लिहिलंय. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, लातूरच्या शेजारचं. आता इतक्या लांब माल पोचवून आमचे गाडीवान परतताना रिकाम्या गाड्या हाकत आले असतील, असं ज्याला वाटतं त्याला मराठवाड्यातला गाडीवान माहीत नाही.

दोन हजार वर्षांनी हा माल किराण्याच्या दुकानात आणायचा प्रयत्न झाला. २७ जानेवारी २०२२ ला, म्हणजे उजेडला गांधीबाबांची यात्रा भरते त्याच दिवसांत, मंत्रिमंडळानं ठरवलं की हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकता येईल. विरोधकांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार म्हटलं, सत्ताधाऱ्यांतून वाइन म्हणजे दारू नव्हे असं उत्तर आलं, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कपाटात गेला. शिरूर अनंतपाळला याचं फारसं सुखदुःख झालं नाही. हजार चौरस फुटांचं किराणा दुकान आधी निघायला हवं होतं. शिवाय मेडिकल होतंच.

‘सेत्ते’ त्या रात्री अर्धी उरली. उघडलेली रेड तीन-चार दिवसांत उतरते, असं पुतण्यानं जाताना सांगितलं. काकूंनी बुचाचे तुकडे गाळणीनं गाळले आणि राहिलेली वाइन द्राक्षारिष्टाच्या रिकाम्या बाटलीत ओतून फडताळात ठेवली. आठवड्यानं पुतण्याचा फोन आला तेव्हा बाटली संपत आली होती. जेवणानंतर दोन-दोन झाकणं, समभाग पाण्याबरोबर.

“काकू, अगं पाणी कशाला घातलंस त्यात?” तो जवळजवळ ओरडलाच.

“मग काय तसंच पेऊ?” काकू म्हणाल्या. “आन् पुढच्या बारीला आणू नकोस बाबा. लई महाग पडतंय, आन् पोटाला मेडिकलवालंच जास्त लागू हाय.”